मेलेल्या नसेचा खरा आकडा

मित्रांनो, जगात कुणी भांडी घडवतं, कुणी घरं बांधतं, कुणी केस कापतं. माझ्या वाट्याला तोडण्याचं काम आलं. मी एक जुनं ताणयंत्र आहे. टेबलावर ठेवलेल्या देवघराएवढी उंची, दोन खांब, दोन जबडे. खालचा जबडा जागचा हलत नाही, वरचा हळूहळू वर सरकतो. मधे जे धरलं असेल ते आधी ताणलं जातं, मग तुटतं. तुटलं की मी थांबतो आणि किती जोर लागला तो आकडा पडद्यावर दाखवतो. यापलीकडं मला काही येत नाही. बालाजी नावाच्या एका पोरानं माझं नाव 'ताण्या' ठेवलं, तेव्हापासून मी पुल्लिंगी झालो. त्याआधी माझं काय चाललं होतं ते मलाही नीट सांगता येणार नाही.

माझा जन्म कोल्हापूरच्या एका शेडमध्ये झाला. मला रंग देताना रंगाऱ्याचा हिरवा रंग संपला, म्हणून माझी पाठ राखाडीच राहिली. पाठ कायम भिंतीकडं असते, त्यामुळं हे दुःख मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही लहान आहात आणि विसरून जाल.

तिथून मला लातूरला आणलं. लातुरात डाळीच्या गिरण्या, आणि डाळ म्हटली की पोती आलीच. पोत्याचं कापड विणणाऱ्या एका छोट्या कारखान्यात माझी नेमणूक झाली. नव्या कापडाची पट्टी कापायची, माझ्या जबड्यांत द्यायची, मी ती फाडायची, आणि आकडा बरा आला की कापड पास. उमेदीची सगळी वर्षं मी पोती फाडली. "याच्यामुळं लातूरची डाळ रस्त्यावर सांडत नाही," असं मालक पाहुण्यांना सांगायचे. पाहुणे माझ्याकडं आदरानं बघायचे आणि चहा प्यायला निघून जायचे. पुढं प्लॅस्टिकची पोती आली, कारखाना बसला, आणि मी कोपऱ्यात गेलो. राखणदाराच्या एका कोंबडीला माझा खालचा जबडा फार आवडला. ती त्यात अंडी घालायची. ज्यानं जन्मभर फक्त फाडाफाड केली त्याच्या तोंडात कुणी अंडं ठेवून खुशाल दाणे टिपायला जावं, हा विश्वास मला पेलवत नसे. पिल्लं बाहेर येईपर्यंत मी श्वासही घेत नव्हतो. तसा मी एरवीही घेत नाही.

अशा अवस्थेत आनंदराज सरांनी मला शोधून काढलं. सर नांदेडला, गोदावरीच्या काठच्या एका विद्यापीठात प्राध्यापक. त्यांचा एक छोटा संशोधन गट होता आणि दारावर पाटी होती: 'सजीव व पदार्थ यांत्रिकी'. वाऱ्यात तुरीची काडी वाकते पण मोडत का नाही, कातडी किती ताणली जाते, हाडाला तडा कुठून जातो, असले प्रश्न हे लोक दिवसभर एकमेकांना विचारायचे आणि उत्तर आलं नाही की मला विचारायचे. पाटीवरचा 'सजीव' शब्द वाचून सुरुवातीला काही लोकांचा गैरसमज झाला. कुणी पाय मोडलेलं घुबड घेऊन यायचं, कुणी बरणीत साप. एकानं आजारी म्हैस फाटकापर्यंत आणली होती. सरांनी तिला पाणी पाजून परत पाठवलं.

सरांनी माझं काळीज बदललं. मित्रांनो, हे खरंच सांगतो. माझ्या आत जोर ओळखणारा एक तुकडा असतो. लातूरचा माझा तुकडा पोत्यांसाठी होता, जाड आणि निबर. सरांनी तो काढून नाजूक बसवला. आधी मला माणसाचं वजनसुद्धा जेमतेम जाणवायचं, आता माशी बसली तरी आकडा हलायला लागला. नाजूक काळजाचा त्रास काय असतो तो मला तेव्हापासून कळला.

खंडेनवमीला माझी पूजा व्हायची. झेंडूचा हार, हळदकुंकू, सगळं यथासांग. पहिल्याच वर्षी बालाजीनं दृष्ट लागू नये म्हणून माझ्या जबड्यांत लिंबू धरलं आणि भक्तिभावानं जबडे आवळले. रस थेट काळजावर उडाला. त्यानंतर दिवाळीपर्यंत मी प्रत्येक वस्तूचा आकडा जरा जास्तच सांगत होतो.

हा बालाजी मुखेडकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. तुरीच्या काड्यांवर संशोधन करायचा. सकाळी आला की माझ्या खांबावर थाप मारून म्हणायचा, "काय ताण्या, आज कोणाचा जीव घ्यायचा?" एकदा ऑफिसातल्या उमाबाई कसल्याशा सह्या घ्यायला आल्या आणि माझ्यापुढं थबकल्या.

"हे काय करतं हो?"

"तोडतं, बाई," बालाजी म्हणाला.

"आणि जोडतं कोण?"

"ते दुसऱ्या डिपार्टमेंटला."

उमाबाईंनी मान डोलवली. सरकारी कामाची त्यांना सवय होती.

जोडण्याचं काम खरं म्हणजे आमच्याच खोलीत चालायचं. ते जेबा करायची. माझ्या गोष्टीतलं खरं माणूस ती आहे, मी नुसता मधे उभा आहे.

जेबा नांदेडचीच, देगलूर नाक्याकडची. तिचे वडील जिलानीचाचा, घराणं पिंजाऱ्यांचं. आजोबा खांद्यावर धनुकली घेऊन दारोदार कापूस पिंजायचे. चाचांचा आता रजई-गादीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक खोली, एक पिंजायचं मशीन, एक पंखा आणि सगळ्यांच्या भुवयांवर कापूस. पिंजायचं काम मशीन करतं, पण रजईवरचे टाके हातानंच घालावे लागतात. ते काम चाचांचं. सरळ रेघेत, एका मापाचे, दोन्ही बाजूंनी सारखे. रजई उलटी केली तरी कुठली बाजू सुलटी ते ओळखू येत नसे. ही विद्या त्यांनी पोरीला दिली होती. त्या पोरीनं पुढं संशोधनाला विषय काय घ्यावा? तुटलेली नस शिवली तर टाका किती जोर सोसतो, हा.

शास्त्रात तिला कंडरा म्हणतात, आपण नस म्हणतो. मांस हाडाला ओढतं ते या दोरीनं. जेबा मटणाच्या दुकानातून बोकडाचे पाय आणायची, नस काढायची, मधे कापायची, दवाखान्यात वापरतात त्या निळ्या धाग्यानं शिवायची आणि माझ्या जबड्यांत द्यायची. गटात इतरांनीही टाके घालून बघितले. बालाजीनं शिवलेली नस माझ्यापर्यंत पोचायच्या आतच सुटायची. जेबाचा टाका मात्र मी ओढत राहायचो, ओढत राहायचो, आणि शेवटी आसपासची नस फाटायची पण गाठ सुटायची नाही. सर चष्मा वर करून म्हणायचे, "हे घराण्यातून आलंय." जेबा लाजून ओढणीचं टोक पिळत बसायची.

त्या वर्षी थंडी सुरू व्हायच्या आधी जिलानीचाचांकडं एक जुनी गादी उसवायला आली. जुन्या गाद्यांत लोक काय काय ठेवतात याला मोजमाप नाही. नोटा, ताईत, कुणाकुणाच्या बांगड्या. या गादीत दाढीचं पातं होतं. चाचांनी कापूस उपसायला हात खोल घातला आणि उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाची नस मुळाशी कापली गेली.

दवाखान्यात नस शिवली. डॉक्टरांनी बजावलं, दीड महिना हे बोट स्वतःच्या जोरानं वाकवायचं नाही. डाव्या हातानं हलकेच वाकवायचं, सोडायचं, एवढंच.

हे कळलं त्या दिवशी खोलीत सगळे जरा गप्प झाले. सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं की जेबा इतकी वर्षं ज्याचा अभ्यास करत होती तेच तिच्या घरी घडलंय. मीही गप्प होतो, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

चाचा बडबडे माणूस. हात गळ्यात बांधलेला, दुकानात बसून करमेना, म्हणून दुपारी जेबाला फोन लावायचे. ती नस शिवत असायची, त्यामुळं फोन टेबलावर आणि आवाज खोलीभर.

"क्या कर रई, बेटी?"

"नस खींच रई, अब्बा. बोकड की."

"मेरी कब खींचते?"

"चाचा, तुम्ही या की इकडं," बालाजी मधेच बोलायचा. "ताण्या मोकळाच हाय."

"तू चूप बैठ रे, बालाजी. तुझी तूर मोडली का अजून?"

"न्हाई ना चाचा. उभीच हाय."

"मंग तुझं लगीन कधी व्हायचं? तूर मोडल्याबिगर डिग्री न्हाई, डिग्रीबिगर पोरगी न्हाई."

सगळे हसायचे. पण थंडी वाढली तसं चाचांच्या बोलण्यातलं हसू कमी झालं. दीड महिना संपायला अजून वेळ होता, तेव्हाच एके दिवशी ते म्हणाले, "सीझन चालू झाला, बेटी. तुझी अम्मी टाके घालून राहिली. गिऱ्हाईक तोंडानं काय बोलत न्हाई, पण रजई उलटी करून बघतंय. मी बाजूला बसून बघतो. ते बघवत न्हाई मला." मग विचारलं, "तुझी मशीन काय बोलती? मशीनला विचार ना एकदा. पातळ रजई, दोन टाके. बस."

मित्रांनो, इथून पुढं जे झालं ते दुसऱ्या कुठल्या घरात झालं नसतं. दुसऱ्या घरात मुलीनं बापाला डॉक्टरांकडं बोट दाखवून गप्प केलं असतं. पण या घरातल्या मुलीकडं मी होतो.

सर त्या आठवड्यात परीक्षेच्या कामाला लातूरला गेले होते. जेबानं आधी बोकडाची नस घेतली, डॉक्टरांनी घातला होता तसाच टाका, तोच धागा, तीच गाठ. मी ओढली. मग तिनं घरून पातळ रजईचा एक तुकडा आणि अब्बांचा सुवा आणला. सुवा म्हणजे रजई शिवायची लांब सुई. तुकडा खालच्या जबड्यात, सुवा वरच्या. रजईतून सुवा बाहेर ओढायला किती जोर लागतो तेही मी सांगितलं. बोटाच्या टोकाला जेवढा जोर लागतो त्याच्या कितीतरी पट आतल्या नसेला सोसावा लागतो. ती हुशार होती, तिनं तेही हिशेबात धरलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा केलं. दर वेळी टाका भारी पडला आणि सुवा हलका.

बालाजीनं पडद्यावरचे आकडे बघून टाळी वाजवली. "सांग चाचाला, काय बी होत न्हाई. ताण्या बोलला म्हंजे बोलला."

जेबानं फोन लावला. "अब्बा, थोडं थोडं करा. पातळ रजईच घ्या, जाड नको. दुखलं की थांबा."

"हौ बेटी, हौ." चाचांचा आवाज असा फुलला की फोन टेबलावर थरथरला. मग त्यांनी जेबाच्या अम्मीला हाक मारली. "दिलशाद, सुवा आण! मशीन हौ बोली!"

दोन्ही आकडे खरे होते. मी ते आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन.

सर लातूरहून परतले त्या दिवशी जेबा त्यांच्या टेबलापुढं उभी होती. बस म्हटलं तरी बसली नाही. बालाजी दारात उभा होता, आत येईना, बाहेर जाईना.

"सर, अब्बांचा टाका गेला."

"कसा?"

"रजई शिवताना. दुखलं नाही म्हणतात. आतून कट्ट झालं आणि बोट ऐकेनासं झालं. सुवा हातातून पडला. ते उचलायला गेले तर बोट सरळच." मग तिनं सगळं सांगितलं. बोकडाची नस, सुव्याचा जोर, फोन. सांगताना कुठं अडखळली नाही. प्रयोग समजावून द्यायची तिला सवय होती.

सरांनी पडद्यावरचे आकडे एक एक करून तपासले. त्यांनी तिला रागावावं असं मला वाटत होतं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"आकडे बरोबर आहेत," ते म्हणाले. "पण जेबा, बोकड मेलेला होता ना."

जेबानं वर बघितलं.

"मेलेली नस आज जेवढी आहे तेवढीच उद्या असते. जिवंत नस शिवली की शरीर तिथं कामाला लागतं. जुनं आधी विरघळवतं, मग नवं घालतं. मधले काही आठवडे ती मऊ पडते. दोरा पक्काच असतो, गाठ पक्कीच असते, पण ती लोण्यात मारलेली गाठ असते. तुझ्या अब्बांची नस पहिल्या दिवशी तुझ्या आकड्याएवढी होती. तू फोन केलास त्या दिवशी नव्हती." मग ते हळू आवाजात म्हणाले, "हे मी तुम्हाला शिकवायला हवं होतं. पाटीवर 'सजीव' लिहून ठेवलं आणि आणली नेहमी मेलेलीच."

जेबा म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितलं होतं, सर. मी मशीनला विचारलं."

आणि ती गेली. बालाजीनं तिची बाटली आणि पिशवी उचलली आणि तिच्या मागं पळाला.

चाचांच्या बोटाला दुसऱ्यांदा टाका घातला. पण या खेपेला नस आसपासच्या मांसाला चिकटून बसली. बोट अर्धवट वाकायचं आणि थांबायचं, कुणी दार आतून धरून ठेवल्यासारखं. कारखान्यातले टाके कायमचे दिलशादचाचींकडं गेले.

जेबा यायची बंद झाली. आधी आजारी आहे म्हणाली, मग घरी काम आहे म्हणाली, मग काहीच म्हणाली नाही. तिचे निळे धागे ड्रॉवरमध्ये तसेच पडून राहिले. बालाजी तुरीच्या काड्या घेऊन माझ्यापाशी यायचा, पण आता थाप मारत नसे. कधीकधी तो काडी लावून बसायचा आणि सुरू करायचंच विसरायचा. आम्ही दोघं नुसते समोरासमोर. माझ्या वरच्या पट्टीवर धूळ साचली. एका पालीनं माझ्या मोटरच्या उबदार डब्याआड घर केलं. लोक समजतात यंत्राला दुर्लक्षाचं दुःख होतं. मला सांगायचंय की मला धुळीचं काही वाटलं नाही. मला बोकडाच्या नसेची आठवण यायची, आणि ती लावताना पुढं वाकलेल्या चेहऱ्याची.

मग दुसरा टाका जुळून काही महिने झाल्यावर एका सकाळी दारात ऑटो थांबला आणि जिलानीचाचा स्वतः उतरले. मागून जेबा, मान खाली. त्यांनी तिला ओढतच आणलं होतं म्हणा ना.

मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. बुटका माणूस, दाढी पांढरी, भुवयांवर कापूस नव्हता. त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

"कुठं हाय ती मशीन?"

बालाजीनं माझ्याकडं बोट दाखवलं.

"येवढीच?" चाचा माझ्याभोवती फिरले. माझी पाठही बघितली. "मला वाटलं पिंजायच्या मशीनसारखी दांडगी असंल. ही तर शिलाईमशीनची बहीण दिसती." मग सरांकडं वळले. "साब, एक सांगा. या मशीननं खोटा आकडा दिला का?"

"नाही. खरा दिला."

"माझ्या पोरीनं चुकीचा वाचला?"

"नाही. बरोबर वाचला."

"मंग तिचं चुकलं काय? घरी भिंतीला तोंड करून बसती. जेवत न्हाई. अम्मीनं सुवा हातात घेतला की उठून आत जाती. मी म्हणलं, बाई, मी कायदा मोडला, मी डॉक्टरचं ऐकलं न्हाई, तू कशाला सजा भोगती? ऐकत न्हाई."

सर काही बोलायच्या आत जेबा म्हणाली, "अब्बा, मी बोकडाला विचारलं. तुम्हाला विचारलंच नाही."

चाचांनी स्वतःचा उजवा हात वर केला आणि त्या ताठ बोटाकडं असं बघितलं, जणू कुणी ओळखीचा माणूस रस्त्यात भेटलाय आणि नाव आठवत नाही.

"बरं," ते म्हणाले. "मंग आता विचार. हा जिता हाय, मी बी जिता हाय. बोकडापेक्षा बरं बोलतो."

मित्रांनो, त्या दिवशी माझ्या आयुष्यात न घडलेली गोष्ट घडली. जेबानं बाजूला पडलेल्या कापडाची पट्टी घेतली, आत कापूस भरला, आणि बोटात बसेल अशी एक मऊ कडी शिवली. ती कडी माझ्या वरच्या जबड्याला अडकवली. आणि माझी मोटर बंद केली. मला ओढायचं नव्हतं. मला नुसतं धरून राहायचं होतं. ओढणार चाचा होते.

"दुखलं की सोडायचं, अब्बा. लगेच."

"हौ, हौ."

चाचांनी बोट कडीत घातलं. चेहरा असा केला की आता माझे खांबच उपटतील. बोट ओढलं. ओढत राहिले. कपाळावर घाम आला.

मी आकडा दाखवला. माशी बसली तर जेवढा दाखवतो त्याहून थोडा जास्त.

चाचांनी पडद्यावर वाकून बघितलं आणि मोठ्यानं हसले. "तौबा! इतका जोर तर तुझ्या बोकडानं मेल्यावर लावला."

कुणीच हसलं नाही. मग बालाजी हसला, एकटाच, आणि हसता हसता तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला लागला.

तेव्हापासून दर जुमेरातीला चाचा यायला लागले. जुमेरात म्हणजे गुरुवार. आधी बोट कोमट पाण्यात, मग डाव्या हातानं हलकं चोळायचं, मग कडी. जेबानं आपल्या संशोधनाचा विषय बदलला. शिवलेली जिवंत नस किती दिवसांनी किती जोर सोसते, त्याचा अभ्यास ती करू लागली. बाहेरूनही माणसं यायला लागली. कुणाचा विळ्यानं कापलेला अंगठा, कुणाची काचेनं गेलेली करंगळी. सगळ्यांना ती आधी एकच प्रश्न विचारायची: दुखतंय का? आणि 'नाही' म्हटलं तरी पुन्हा विचारायची. माझ्यावरची धूळ गेली. बालाजीची थापही परत आली. सरांनी पाहुण्यांना माझ्यासमोर उभं करून कौतुकानं सांगितलं की हे यंत्र पूर्वी फक्त तोडायचं. पाहुण्यांनी आदरानं बघितलं. या वेळी चहाही इथंच दिला.

चाचांचा आकडा पहिल्या काही जुमेरातींना वाढला. थोडा थोडा, पण वाढला. जेबाचा चेहरा उजळला. मग तो एका जागी थांबला. सुवा ओढायला लागतो त्याच्या बराच खाली. पुढच्या जुमेरातीला तिथंच. त्याच्या पुढच्या जुमेरातीला किंचित कमी.

जेबानं तेव्हापासून पडदा आपल्याकडं वळवून ठेवला.

"वाढलं का, बेटी?"

"वाढलं, अब्बा."

"किती?"

"बरंच."

"मंग पुढच्या थंडीला सुवा धरतो बघ मी."

"हौ अब्बा."

ती ओढणीचं टोक पिळत होती. तिनं कोमट पाण्याचं भांडं उचललं आणि ओतायला बाहेर गेली. चाचा फडक्यानं एक एक बोट पुसत बसले. ताठ बोट त्यांनी सगळ्यांत शेवटी पुसलं.

बालाजी दबक्या आवाजात म्हणाला, "चाचा, तुम्हाला येवढ्या लांब येण्यात तरास होत असंल. मी बाईकवर येऊन घरीच—"

"काही तरास न्हाई."

"न्हाई म्हंजे... आकडा जरा..."

"मला ठाव हाय, बालाजी." चाचांनी फडकं घडी घातलं, कडेला कड जुळवून. "ती खोटं बोलती तवा ओढणी पिळती. लहानपणापासून. मला आकडा बघायची गरज न्हाई."

"मंग तुम्ही येता कशाला?"

चाचांनी दाराकडं बघितलं. बाहेर नळ चालू होता.

"मी आलो न्हाई तर ती बी येणार न्हाई," ते म्हणाले. "तू काय बोलू नको. तुझी तूर बघ."

जेबा आत आली, भांडं पालथं घातलं, आणि त्यांना आधार द्यायला हात पुढं केला. त्यांना आधाराची गरज नव्हती. तरी त्यांनी तो धरला, डाव्या हातानं. ऑटोपर्यंत दोघं बोलत गेले. काय बोलत होते ते इथून ऐकू आलं नाही.

मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. माझ्यासारख्या यंत्रांना जपा, झाकून ठेवा, तेल द्या, हे तर मोठी माणसं तुम्हाला सांगतीलच. पण तुमच्या घरात कुणाचं काही नुकतंच शिवलेलं असेल, हात असो, पाय असो, आणखी काही असो, तर ते पक्कं झालं का हे बघायला ओढून बघू नका. जिवंत माणूस जुळायच्या आधी मऊ पडतो. त्या दिवसांत त्याला कसलाच आकडा सांगू नका. त्याच्याजवळ बसा. कडी शिवून द्या, मऊ, आत कापूस घालून. आणि तो जेवढं ओढेल तेवढं धरून राहा.